नाही म्हणा, पण अर्ज घ्या तरी

आपल्याकडे "अर्ज-विनंत्यांचं राजकारण" असं नुसतं म्हटलं तरी समोरचा हसतो. शाळेतल्या इतिहासापासूनच डोक्यात बसलंय की मवाळ लोक अर्ज करायचे, जहाल लोक लढायचे, आणि अर्ज करणं म्हणजे सरकारपुढे हात पसरणं. मला हे अर्धवट वाटतं. का वाटतं ते सांगायला जरा लांब जावं लागेल, १८३६ सालच्या वॉशिंग्टनला, कारण तिथे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने एका विशिष्ट विषयावरचे नागरिकांचे अर्ज वाचायचेच नाहीत असा चक्क ठराव केला आणि तो आठ वर्षं चालवला. भीक मागणाऱ्याला एवढं कोणी घाबरत नाही हो.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, १७९१ ची, भाषणस्वातंत्र्य धर्मस्वातंत्र्य म्हणून सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या शेवटी अजून एक हक्क आहे तो कोणाच्या लक्षात नसतो, सरकारकडे अर्ज करून आपलं गाऱ्हाणं मांडायचा. त्या काळी हा हक्क शोभेचा नव्हता. मत फक्त पुरुषांना, तेही बहुतेक राज्यांत फक्त गोऱ्या पुरुषांना, म्हणजे बायका आणि बहुतेक ठिकाणचे स्वतंत्र काळे लोक यांना सभागृहापर्यंत पोचायला अर्ज सोडून दुसरी वाटच नव्हती. प्रतिनिधीगृहात एकेका राज्याचा पुकारा व्हायचा, त्या राज्याचे सदस्य उठून आपल्याकडे आलेले अर्ज सादर करायचे आणि मग ते त्या त्या कमिटीकडे जायचे. पेन्शन, रस्ते, पोस्ट, जकात, काय वाट्टेल ते यायचं.

गुलामगिरीचं असं होतं की राज्यांमधल्या गुलामगिरीला काँग्रेस (म्हणजे त्यांची संसद, आपली काँग्रेस नव्हे) हात लावू शकत नाही असं जवळपास सगळेच मानायचे. पण वॉशिंग्टन शहर ज्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियात येतं तिथला कायदा करायचा अधिकार घटनेनेच थेट काँग्रेसला दिलेला. आणि तिथे गुलामांचा बाजार राजरोस चालायचा, माणसं कोंडून ठेवायच्या खोल्या होत्या, १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॉलोमन नॉर्थप नावाच्या स्वतंत्र माणसाला पळवून ज्या कोठडीत डांबलं ती कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, अगदी नजरेच्या टप्प्यात होती. म्हणजे आत स्वातंत्र्यावर भाषणं आणि बाहेर हे. गुलामगिरीविरोधकांनी नेमका हाच धागा पकडला: बाकीचं राहू द्या, हे तरी तुमच्या हातात आहे ना, हे बंद करा.

आता जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. हा माणूस अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष, वडील दुसरे राष्ट्राध्यक्ष, १८२८ ची निवडणूक हरला, आणि घरी बसून आठवणी लिहायच्या वयात मॅसॅच्युसेट्समधून साधा खासदार म्हणून निवडून आला. (आपल्याकडचा एखादा माजी पंतप्रधान मागच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज वाचतोय असं चित्र डोळ्यापुढे आणून बघा, मला तर येत नाही.) १८३१ च्या डिसेंबरमध्ये त्याने पहिल्यांदा असे अर्ज मांडले, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोकांचे, आणि मांडतानाच सांगून टाकलं की डिस्ट्रिक्टमधली गुलामगिरी रद्द करायच्या मागणीला माझा स्वतःचा पाठिंबा नाही. मला या अख्ख्या गोष्टीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्ज मांडणं वेगळं आणि अर्जाशी सहमत असणं वेगळं, हे त्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं.

तोपर्यंत सगळं शांतपणे चाललं होतं. अर्ज यायचे, कमिटीकडे जायचे, कमिटी म्हणायची काही करायची गरज नाही, विषय संपला. म्हणजे दक्षिणेकडच्या गुलाममालकांना हवं तेच होत होतं! पण १८३३ मध्ये अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली आणि अर्जांचा ओघ वाढला, छापील मजकूर, खाली सह्यांसाठी रिकामी जागा, गावोगावच्या बायका दारोदार फिरून सह्या घ्यायच्या आणि कागदाला कागद चिकटवून लांबलचक पट्ट्या करून वॉशिंग्टनला धाडायच्या. १८३५ च्या डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाचा जेम्स हॅमंड उठला आणि म्हणाला, हे अर्ज घ्यायचेच नाहीत. नाकारायचे असं नाही, घ्यायचेच नाहीत. हा फरक ज्याने कधी तलाठ्याकडे किंवा महापालिकेत कागद दिलाय त्याला लगेच कळेल. आवकचा शिक्का मारून दिला की निदान तुम्ही येऊन गेलात हे सिद्ध होतं, आणि म्हणूनच खिडकीमागच्या माणसाला तो मारायचा नसतो.

बरीच ओढाताण झाली आणि २६ मे १८३६ ला मधला मार्ग म्हणून ठराव आला, की गुलामगिरीशी कुठल्याही प्रकारे, कितीही संबंध असलेला कुठलाही कागद आला तर तो छापायचा नाही, कमिटीकडे द्यायचा नाही, टेबलावर ठेवून द्यायचा आणि त्यावर पुढे काहीही करायचं नाही. ११७ विरुद्ध ६८. यालाच पुढे गॅग रूल म्हणायला लागले, तोंडबंदीचा नियम. अ‍ॅडम्स बोलायला उठला तर स्पीकरने बोलू दिलं नाही, तो ओरडला की माझं तोंड बांधलंय की नाही ते सांगा, आणि मतदानात त्याचं नाव पुकारल्यावर हो किंवा नाही म्हणायच्या ऐवजी त्याने सांगितलं की हा ठराव राज्यघटनेचा, या सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा थेट भंग आहे. तेव्हा तो ६८ वर्षांचा होता.

सेनेटने, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाने, नियमबियम न करता वेगळी शक्कल काढली. अर्ज स्वीकारायचा की नाही हा प्रश्नच टेबलावर ठेवून द्यायचा. त्यात नाटक कमी म्हणून गाजलं कमी, परिणाम तोच.

यापुढचं अ‍ॅडम्सचं वागणं म्हणजे निव्वळ खोड्या होत्या, आणि त्या खोड्यांमागे कायद्याचा पक्का अभ्यास होता. ६ फेब्रुवारी १८३७ ला त्याने स्पीकरला (जेम्स पोल्क, पुढे हाही राष्ट्राध्यक्ष झाला) अगदी साळसूदपणे विचारलं की माझ्याकडे एक कागद आलाय, २२ जणांचा, ते स्वतःला गुलाम म्हणवतात, हा अर्ज त्या ठरावाखाली येतो का? झालं, सभागृह पेटलं. गुलामांचा अर्ज? याला हाकला, याच्यावर ठपका ठेवा, कागद जाळून टाका. पुष्कळ आरडाओरडा होऊ दिल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की अहो, मी अर्ज सादर केलाच नाही, फक्त विचारलं, आणि त्या अर्जातली मागणी तुम्हाला वाटतेय त्याच्या बरोबर उलटी आहे. सगळे तोंडघशी पडले, पण माघार न घेता त्यांनी प्रचंड बहुमताने ठराव केला की घटनेने अमेरिकेच्या जनतेला दिलेला अर्जाचा हक्क गुलामांना नाही.

हा ठराव कितीही संतापजनक असला तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण तोपर्यंत जे झाकून ठेवलं होतं ते सभागृहाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. अ‍ॅडम्सचं म्हणणं असं की अर्ज करणं म्हणजे काही सत्ता गाजवणं नाही, ती नुसती विनवणी आहे, आणि सगळ्यात जुलमी राजाच्या राज्यातसुद्धा सगळ्यात खालच्या माणसाला विनवणी करायला बंदी नसते, मग प्रजासत्ताकात कशी? याला सभागृहाकडे उत्तर नव्हतं, फक्त मतं होती.

मग बायकांचा नंबर लागला. टेक्सासला अमेरिकेत सामील करून घेऊ नका (घेतलं तर गुलामगिरीचं आणखी एक राज्य वाढणार) अशा अर्जांवर बायकांच्या सह्यांचे ढीग होते, तर मेरिलंडचे एक सदस्य हॉवर्ड म्हणाले की बायकांनी घर सोडून राजकारणात पडावं हे काही शोभत नाही. अ‍ॅडम्सने १८३८ च्या जून-जुलैत रोज सकाळचा थोडा थोडा वेळ घेत जवळजवळ तीन आठवडे त्याचं उत्तर दिलं, बायबलमधल्या बायका काढल्या, इतिहासातल्या काढल्या, आणि बायकांना मताचा हक्क नाही हे तरी इतकं स्पष्ट आहे का, असंही बोलता बोलता विचारून गेला. १८३८ मध्ये! त्या बायका घरोघरी फिरून सह्या गोळा करताना जे शिकल्या, यादी कशी करायची, अनोळखी माणसाशी कसं बोलायचं, दार तोंडावर आपटलं तर काय करायचं, ते सगळं पुढे त्यांच्या स्वतःच्या मताच्या चळवळीत उपयोगी पडलं. एलिझाबेथ स्टँटन आणि सुसान अँथनी यांनी १८६३ मध्ये गुलामगिरी देशभर रद्द करा म्हणून मोहीम काढली, १८६४ च्या फेब्रुवारीत सेनेटर चार्ल्स समनरने त्यातल्या पहिल्या एक लाख सह्या सेनेटमध्ये मांडल्या, दोन धिप्पाड काळ्या माणसांनी ती बंडलं उचलून आत आणली होती.

गॅग रूलने अर्ज थांबले का? उलट. लाखांनी सह्या यायला लागल्या. कारण उत्तरेतल्या बहुसंख्य गोऱ्यांना गुलामांचं फारसं काही पडलं नव्हतं हे कडू सत्य आहे, त्यांना गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते डोकेदुखीच वाटायचे, १८३७ च्या नोव्हेंबरमध्ये इलिनॉयमधल्या आल्टनला एलायजा लव्हजॉय या गुलामगिरीविरोधी संपादकाला जमावाने मारून टाकलं ते उत्तरेतल्या राज्यातच. पण "माझा अर्ज माझं सभागृह घेत नाही" हे मात्र त्यांना टोचलं. गुलाममालकांनी आपल्या हाताने दूरच्या गुलामाचा प्रश्न जवळच्या गोऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न करून टाकला. आकडे बघा म्हणजे कळेल. १८४० च्या जानेवारीत नियम अजून कडक करून कायमच्या नियमावलीत घातला, आता असे अर्ज घ्यायचेच नाहीत, तेव्हा मतं पडली ११४ विरुद्ध १०८. चार वर्षांपूर्वी ४९ मतांचा फरक होता, आता सहाचा. ३ डिसेंबर १८४४ ला नियम गेला, १०८ विरुद्ध ८०. अ‍ॅडम्सने त्या दिवशी डायरीत देवाचे आभार मानले.

त्याआधी १८४२ चा जानेवारी सांगायलाच हवा. मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावच्या ४६ नागरिकांचा अर्ज अ‍ॅडम्सने मांडला. मागणी काय, तर अमेरिकेचं संघराज्य शांततेने मोडून टाका. देशद्रोह म्हणून परत एकदा त्याच्यावर ठपक्याचा प्रस्ताव आला. पण अ‍ॅडम्सची सूचना काय होती ते नीट वाचलं पाहिजे: हा अर्ज कमिटीकडे द्या आणि ही मागणी का मान्य करता येत नाही याची कारणं लिहून द्यायला सांगा. तो स्वतः संघराज्य मोडायच्या पूर्ण विरोधात होता! त्याला हवं होतं ते एवढंच, की ४६ माणसांनी काही मागितलंय तर त्यांना कारणासकट उत्तर मिळावं. ७४ वर्षांच्या या म्हाताऱ्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद कारकुनाला मोठ्याने वाचायला लावला आणि दोन आठवडे सगळ्यांना पुरून उरला, शेवटी ७ फेब्रुवारीला प्रस्ताव १०६ विरुद्ध ९३ ने बाजूला ठेवला गेला, आणि मग साहेब लगेच पुढचे अर्ज मांडायला लागले, जवळपास दोनशे.

आता कोणी म्हणेल, एवढं करून मिळालं काय? रास्त प्रश्न आहे. डिस्ट्रिक्टमधली गुलामगिरी गेली १८६२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे नियम उठल्यावर तब्बल सतरा वर्षांनी, आणि तेही यादवी युद्ध पेटल्यावर. अर्जाने गुलाम सुटले असं मी म्हणत नाही. चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांचं बघा, त्यांच्या नावावर मूठभर लोकांनी केलेला, जमीन सोडून जायचा न्यू एकोटाचा तह सेनेटने १८३६ मध्ये मंजूर केला, त्याविरुद्ध त्यांचा प्रमुख जॉन रॉस याने आपल्या लोकांच्या १५ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज काँग्रेसला दिला, म्हणजे जवळजवळ अख्खा समाजच कागदावर उतरवला, तरी १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरातून काढून पश्चिमेला हाकललं आणि वाटेत हजारो मेले. इंग्लंडच्या चार्टिस्ट, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या, कामगारांनी १८३९ मध्ये बारा लाखांवर आणि १८४२ मध्ये तेहतीस लाखांवर सह्या नेल्या, कॉमन्सने (ब्रिटिश पार्लमेंटचं निवडून आलेलं सभागृह) दोन्ही वेळा मोठ्या बहुमताने हाकलून लावलं. तेव्हा अर्ज केला की मिळतं असलं भाबडं बोलायचंच नाही.

पण अर्जाचं यश मागणी मान्य झाली का यावरच मोजायचं का? अर्ज सभागृहाला बोलायला भाग पाडतो, आणि सत्तेला सगळ्यात नकोसं असतं ते हेच, नाही म्हणणं नव्हे तर कारण देऊन, नोंदीवर, नाही म्हणणं. कारण दिलं की ते तपासता येतं, खोडता येतं, पुढच्या निवडणुकीत तोंडावर मारता येतं. दक्षिणेच्या लोकांना हे बरोबर कळलं होतं, म्हणून कमिटीचा आयता नकार हातात असताना त्यांनी कानच बंद करून घेतले, आणि तिथेच फसले.

आता आपल्याकडे येऊ. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन निघाली, नाना शंकरशेट, भाऊ दाजी वगैरे मंडळी, आणि कंपनीच्या कारभाराविरुद्ध त्यांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज धाडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७५ मध्ये कॉमन्सला अर्ज केला की तिथे हिंदुस्थानचेही प्रतिनिधी बसवा. हे अर्ज वाया गेले असं म्हणून आपण हसतो, पण ते कुठल्या सभागृहात गेले ते बघा. तिथे आपण निवडलेला एकही माणूस नव्हता, उठून "माझे मतदार" म्हणणारा अ‍ॅडम्स नव्हता, असला तर एखादा दयाळू इंग्रज. जहालांची टीका म्हणून अर्धी खरीच होती, परक्याच्या सभागृहात अर्ज म्हणजे शेवटी मेहेरबानीच. पण तो दोष अर्जाचा नाही, सभागृह आपलं नसण्याचा आहे. आणि सार्वजनिक सभेचा तर नियमच होता की सभासद व्हायचं असेल तर किमान ५० प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र आणा, म्हणजे मताचा हक्क नसलेल्या देशात ही मंडळी सह्या घेऊन प्रतिनिधी तयार करत होती. याला हात पसरणं म्हणायचं?

आता सभागृह आपलं आहे. आणि तरीही अर्जाची अवस्था काय आहे? लोकसभेत अर्ज समिती आहे, पंधरा सदस्यांची, नियम आहेत, अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत हवा, मराठीत लिहिलात तर भाषांतर जोडा. किती जणांना माहितीये ही समिती आहे ते? ओळखीतल्या दहा जणांना विचारा. त्याऐवजी आपण ऑनलाइन पिटिशनवर क्लिक करतो, जी कुठल्याच सभागृहाच्या टेबलावर जात नाही, कोणी ती मांडत नाही, कोणी नाकारतही नाही, म्हणजे आपला आपणच गॅग रूल लावून घेतलाय आणि वर समाधान की आपण काहीतरी केलं. दारोदार फिरायचं नाही, नाही ऐकायचं नाही, ज्याची सही घेतली त्याचं तोंडही बघायचं नाही.

ब्रिटनमध्ये आज पार्लमेंटची स्वतःचीच वेबसाइट आहे, १० हजार सह्या झाल्या की सरकारने लेखी उत्तर द्यायचं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार व्हायचा. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणून साठ लाखांवर सह्या झाल्या, चर्चा झाली, ब्रेक्झिट काही थांबलं नाही. हरकत नाही. साठ लाख लोकांना सरकारने अधिकृतपणे का नाही ते सांगितलं. आपल्या विधानसभेला आणि लोकसभेला असा आकडा ठरवायला काय अडचण आहे मला खरंच कळत नाही. मराठीत अर्ज, ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर, आकडा गाठला तर सभागृहात तासभर चर्चा, आणि स्थानिक आमदाराने तो अर्ज उठून मांडायचा, पटत नसला तरी मांडायचा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की सभागृहाचा वेळ जाईल. गोंधळात आणि तहकुबीत किती जातो ते आपण टीव्हीवर बघतोच, तेव्हा तो राहू द्या. दुसरा आक्षेप खोट्या सह्यांचा, आणि तो खरा आहे. चार्टिस्टांनी १८४८ च्या तिसऱ्या अर्जात ५७ लाख सह्यांचा दावा केला, कॉमन्सच्या कारकुनांनी मोजल्या तर पावणेवीस लाखाच्या आसपास भरल्या, आणि त्यात खुद्द व्हिक्टोरिया राणीची आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनचीसुद्धा सही होती. चळवळीचं हसं झालं ते झालंच. पण लक्षात घ्या, उरलेल्या पावणेवीस लाख सह्यांबद्दल मग कोणी बोललंच नाही, खोट्या सह्या सापडल्या की खऱ्या माणसांना उत्तर द्यायची जबाबदारी आपोआप संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. तेव्हा निदान एकेक नाव हाताने मोजावं लागत होतं, आज साधा गॅस सिलिंडर घरी येतानाही मोबाइलवर ओटीपी येतो.